उताराचे मैल

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझा भाचा अमेरिकेच्या पश्चिम भागात नोकरीला आहे. मुरुडच्या पुळणीवर वाढलेला मुलगा. लहानपणी शाळेला उशीर झाला की सुरूच्या बनातून अनवाणी पळत सुटायचा. चाळिशीच्या आसपास माणसांना जे छंद लागतात, त्यातला पळण्याचा छंद त्याला लागला. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी त्याचा फोन आला. आवाजात दम होता आणि आनंदही.

"मामू, मॅरेथॉन पळालो. तीन तास वीस मिनिटं!"

मी त्याला मुबारकबाद दिली. मग तो वर्णन करू लागला. पहाटेच्या अंधारात बसने डोंगरावर नेलं. तिथून खाली, वाळवंटातून, शेवटच्या मैलापर्यंत जवळजवळ सगळा उतारच. दोन्हीकडे तांबडे खडक, खुरटी झुडपं, आणि घाम अंगावर दिसायच्या आतच सुकून जाणारी हवा. मग जरा थांबून म्हणाला, "पण इथले काही मित्र चिडवतात. म्हणतात, उतारावरचं पळणं कुठे मोजतात का? तुम्ही इतिहास वाचता, तुम्हीच सांगा."

आता मी कविता लिहिणारा माणूस. इतिहास माझ्याकडे आला तो शब्दांच्या मागे मागे फिरताना. 'वाळवंट' म्हटल्यावर भाच्याच्या डोळ्यांपुढे ॲरिझोना-युटाचं रान उभं राहतं. मराठी माणसाला मात्र आधी चंद्रभागेचं वाळवंट आठवतं. तिथे पळायचं नसतं, नाचायचं असतं. मॅरेथॉन या शब्दाचीही अशीच गंमत आहे. ग्रीक भाषेत 'मॅराथॉन' म्हणजे बडीशेपेचं रान. जिथे बडीशेप माजली होती त्या मैदानावर ख्रिस्तपूर्व ४९० मध्ये अथेन्सच्या लोकांनी इराणी फौजेला हरवलं. विजयाची बातमी घेऊन एक हरकारा अथेन्सपर्यंत पळाला, 'आपण जिंकलो' म्हणाला आणि कोसळला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पण त्या लढाईनंतर काही दशकांतच इतिहास लिहिणाऱ्या हिरोडोटसने ती सांगितलेली नाही. त्याने लिहिलं आहे ते निराळंच. फिलिपिडीस नावाचा हरकारा लढाईच्या आधी मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला धावला, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. कोसळून मरणारा हरकारा कित्येक शतकांनंतरच्या ग्रंथांत येतो. १८७९ मध्ये इंग्रज कवी रॉबर्ट ब्राऊनिंगने दोन्ही गोष्टी एकाच कवितेत घातल्या. पुढे १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताने अशी शर्यत ठेवण्याची कल्पना मांडली. म्हणजे जगातली सर्वांत कष्टाची शर्यत एका भाषापंडिताने सुचवली आहे. आमच्या जातीच्या लोकांनी जगाला फारसं काही दिलेलं नाही, पण हे दिलं!

अथेन्सची ती मूळ वाटही सपाट नव्हे. मधला मोठा भाग चढाचा आणि शेवटचे दहा-अकरा किलोमीटर उताराचे. अंतरही ठरलेलं नव्हतं. १८९६ मध्ये ते ४० किलोमीटरच्या आसपास होतं. १९०८ साली लंडनमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांपुढपर्यंत २६ मैल ३८५ यार्ड भरलं, आणि तेच अंतर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, १९२१ मध्ये कायमचं ठरलं. हे १९२१ साल लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

अंतर ठरलं तरी उताराचा प्रश्न राहिलाच. आज जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचा नियम असा, की विक्रम मान्य व्हायचा असेल तर सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाट दर किलोमीटरला सरासरी एका मीटरपेक्षा जास्त उतरता कामा नये. म्हणजे अख्ख्या मॅरेथॉनमध्ये फक्त ४२ मीटर. शिवाय सुरुवातीची आणि शेवटची जागा एकमेकांपासून फार लांब नको, नाहीतर वारा पाठीशी घेऊन माणूस नुसता सरळ पळत सुटेल. १८९७ पासून चालू असलेली बॉस्टनची प्रसिद्ध मॅरेथॉन या दोन्ही कसोट्यांत बसत नाही. ती सुमारे १४० मीटर उतरते. २०११ च्या एप्रिलमध्ये केनियाचा जॉफ्री मुताई तिथे २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत पळाला. तोवर एवढ्या वेगाने मॅरेथॉन कोणी पळालं नव्हतं. पण तो विक्रम धरला गेला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचाच देशबांधव पॅट्रिक मकाऊ बर्लिनला २ तास ३ मिनिटं ३८ सेकंदांत पळाला, म्हणजे छत्तीस सेकंद जास्त लागले, आणि विश्वविक्रम त्याच्या नावावर लागला. बर्लिन सपाट आहे ना!

हौशी धावपटूंचंही तसंच. बॉस्टनला भाग घ्यायचा तर आधी दुसऱ्या एखाद्या मॅरेथॉनमध्ये ठरावीक वेळ काढावी लागते. म्हणून लोक उताराच्या शर्यती शोधत जातात. युटा राज्यातली सेंट जॉर्ज मॅरेथॉन १९७७ पासून चालू आहे, ती सुमारे २,६०० फूट खाली उतरते. अशा शर्यतींची संख्या वाढत गेली, तेव्हा बॉस्टनवाल्यांनी २०२५ मध्ये जाहीर केलं, की २०२७ च्या शर्यतीपासून दीड हजार ते तीन हजार फूट उतार असेल तर धावणाऱ्याच्या वेळेत पाच मिनिटं वाढवून धरू, तीन ते सहा हजार फुटांना दहा मिनिटं, आणि त्याहून जास्त उतार असेल तर ती वेळच घेणार नाही. मला हा तोडगा पसंत आहे. दुकानदार तागडीत आधी भांड्याचं वजन वजा करतो, तसंच हे.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "नियम बरोबरच आहे, मामू. पण माझ्या मांड्यांना विचारा. चार दिवस जिना उतरता येत नव्हता." हे मात्र उताराविषयी लोक विसरतात. चढावर दम लागतो. उतारावर दम लागत नाही, पण प्रत्येक पावलाला अख्खं अंग पुढे झेपावतं आणि ते मांडीच्या स्नायूंना आवरून धरावं लागतं. स्नायू लांब ताणला जात असतो आणि त्याच वेळी भारही पेलत असतो. त्यातूनच त्याचे तंतू दुखावतात. आमच्याकडे डोंगरावरून लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायका कधी सरळ उतरत नाहीत, तिरक्या तिरक्या उतरतात. त्यांना हे कोणी शिकवलेलं नाही.

आणि उताराच्या बाबतीत आपण रायगड जिल्ह्याच्या लोकांनी तरी कोणाला हसू नये. १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा जिल्हा म्हणत तो हा मुलूख म्हणजे सह्याद्रीचा उतार आणि त्याच्या पायाशी खाड्या. इथे वरून जे काही आलं ते उतरूनच आलं. भोर घाटातली रेल्वे १८६३ मध्ये पुरी झाली. तिथे गाडी सोळा मैलांच्या आत अठराशे फूट चढते. उलट दिशेने पाहिलं तर उताराचा चढाओढीचा दर जवळजवळ त्या सेंट जॉर्जसारखाच, किंबहुना थोडा जास्त. आणि महाबळेश्वर ते पोलादपूर ही आंबेनळी घाटाची वाट घ्या. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फूट उंचीवर, पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात जवळजवळ तळाशी, मधलं अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. वाटेत प्रतापगड. मॅरेथॉनएवढा उतार निसर्गाने आमच्या दारात आखून ठेवला आहे. बॉस्टनचे लोक त्याला दहा मिनिटं लावतील.

या उतारावरून शतकानुशतकं पळणारी माणसं होती. शिवकाळात जासूद होते, पेशवाईत जासूद-हरकारे होते, इंग्रजी अमलात टपालखात्याचे रनर आले. खांद्यावर काठी, काठीला टपालाची थैली, टोकाला घुंगरं. एकाने आपला टप्पा संपवायचा आणि थैली दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची. इतिहासाच्या पुस्तकांत पत्र कोणी लिहिलं ते असतं, कोणाला मिळालं ते असतं, केव्हा पोचलं तेही असतं. मधला पळणारा माणूस नसतो.

माझ्या आईचे वडील, माझे नाना, असेच रनर होते. पोलादपूरहून वरच्या डोंगरगावांत थैली न्यायची आणि तिकडची खाली आणायची. आई सांगते, "बा चढावर चालायचे नि उतारावर पळायचे." पावसाळ्यात थैली इरल्याखाली आणि स्वतः भिजत. संध्याकाळी घुंगरांचा आवाज आला की आई आणि तिची भावंडं उंबऱ्यावर येऊन बसत. नाना किती पळाले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मी एकदा वहीत मांडायला बसलो होतो, पण टप्पा किती मैलांचा हे आईला माहीत नव्हतं. "सकाळच्या नमाजनंतर निघायचे नि असरच्या आत परत यायचे," एवढंच तिचं मोजमाप. भाच्याच्या शर्यतीची हकिकत मी तिला सांगितली तेव्हा तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं पळाला, तो कुनाचं पत्र घेऊन?"

हिरकणीची गोष्ट तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती आख्यायिका आहे असं म्हणून इतिहासकार बाजूला होतात, ते ठीकच. पण रायगडाचा तो कडा पाहून आलेल्या कोणालाही उतार म्हणजे सोपं असं वाटणार नाही.

आता १९१९ सालाकडे येतो, कारण भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथे सापडलं. जागा पुणे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी खेळांना अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा आले होते. स्वतः इंग्लंडमध्ये शिकलेले, तिथले खेळ जवळून पाहिलेले. इथे पाहतात तो सगळे नियम घरचे, धावपट्ट्या बेताच्या. मुख्य आकर्षण होतं लांब पल्ल्याची शर्यत. सुमारे पंचवीस मैलांची, आणि नाव मात्र मॅरेथॉन. भाग घेणारे बहुतेक शेतकरी. अनवाणी. शास्त्रशुद्ध तालीम म्हणावी तर काहीच नाही. आणि तरी त्यांच्या वेळा पाहून टाटांना वाटलं, की युरोपातल्या धावपटूंच्या तुलनेत हे लोक फार मागे नाहीत. दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही सगळी आठवण सांगितली आहे.

त्यातल्या 'सुमारे पंचवीस मैल' या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. सुमारे! शर्यत मॅरेथॉन होती का? आजच्या नियमाने नव्हती. १९१९ मध्ये जगाचंच अंतर पक्कं नव्हतं, तर पुण्याचं कुठून असणार? त्या वेळांना कोणी विक्रम म्हणणार नाही. पण हिंदुस्थान ऑलिंपिकला गेला तो त्या न मोजलेल्या पळण्यामुळे. टाटांनी ते डोळ्यांनी पाहिलं, मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांची मदत मिळवली, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी हिंदुस्थानला प्रवेश मिळाला. समितीच्या बैठकीतला एक किस्सा सांगितला जातो. शंभर मीटर पळायला किती वेळ लागला तर चालेल, असा विषय निघाला. एका मान्यवर सभासदाने उत्तर दिलं, एक-दोन मिनिटं. इथे मिनिटांचा नव्हे, सेकंदांचा आणि सेकंदांच्या भागांचा हिशेब असतो, हे कळल्यावर त्यांची बोलती बंद झाली. हसू नका. ज्या देशात वेळ नमाजावर आणि उन्हावर मोजत होते, तिथून हे लोक निघाले होते.

सहा जण निवडले गेले. बंगालचा पूर्मा बॅनर्जी सोडला तर बाकी सगळे आपल्या मुंबई इलाख्यातले आणि भोवतालच्या संस्थानांतले. बेळगावचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार, हुबळीचे कैकाडी हे धावणारे. मुंबईचे कुमार नवले आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे हे कुस्तीगीर. शिंदे पुढे अँटवर्पला चौथे आले. पदक एका पायरीवर राहिलं. त्यांच्यावर कधीतरी स्वतंत्र बोललं पाहिजे. खर्चाला टाटांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले आणि उरलेल्यासाठी सरकार, संस्थानिक आणि लोकांकडे हात पसरले.

संघाबरोबर दोन व्यवस्थापक गेले, सोहराब भूत आणि डॉ. फैजी. हे दुसरं नाव वाचून मी मुरुडकर म्हणून दचकलोच. फैजी हे मुंबईतलं नामांकित घराणं. जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांच्या बेगम नाझली आणि त्यांची बहीण, लेखिका अतिया फैजी, या त्याच घराण्यातल्या. मुरुडच्या टेकडीवरचा नवाबाचा राजवाडा मी लहानपणापासून रोज पाहत आलो. त्या राजवाड्याशी नातं असलेलं आडनाव बेळगाव-साताऱ्याच्या अनवाणी पोरांबरोबर बोटीत बसून युरोपला गेलं, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या गावात पर्यटकांना जंजिऱ्याच्या तोफांची नावं सांगणारे खूप आहेत. हे सांगणारा एकही भेटला नाही.

इंग्लंडमध्ये काही आठवडे तालीम झाली, इंग्रज प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. घरचे नियम सुटले, परके नियम अंगवळणी पडायला वेळ नव्हता. २२ ऑगस्ट १९२० ला मॅरेथॉन झाली. हवा थंड आणि ओली होती. आणि अंतर? ४२.७५ किलोमीटर. ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सर्वांत लांब मॅरेथॉन, कारण ते १९२१ साल अजून उजाडायचं होतं. म्हणजे पुण्यात अंतर 'सुमारे' होतं म्हणून नाक मुरडणाऱ्या युरोपातही ते सुमारेच होतं, फक्त तिथे ते दशांशात लिहिलेलं होतं.

फिनलंडचा हानेस कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंदांत पहिला आला. एस्टोनियाचा लॉसमान त्याच्या मागे जेमतेम तेरा सेकंदांनी. तिसरा आलेला इटलीचा आरी एवढा खूश झाला, की रेषा ओलांडल्यावर त्याने कोलांट्या मारल्या. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. त्यांच्या पायांना काय झालं, पोटाला काय झालं, निकालाचा तक्ता सांगत नाही. चौगुले एकोणिसावे आले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. विजेत्यापेक्षा अठरा मिनिटं मागे, पण त्यांच्याही मागे कितीतरी युरोपीय धावपटू होते.

एकोणिसावा क्रमांक ऐकायला फार मोठा वाटत नाही. आपल्याकडे पदक नसेल तर माणूस नसतो. पण हिशेब करा. आदल्या वर्षी जो प्रदेश घरच्या नियमांनी, कच्च्या मोजमापाने पळत होता, तिथला माणूस पहिल्याच वेळी, परक्या हवेत, साडेपाचशे मीटर जास्त पळून, जगातल्या पहिल्या विसांत आला. पुढे टाटांनी हिंदुस्थानसाठी कायमची ऑलिंपिक संस्था उभी करायचा ध्यास घेतला आणि १९२७ मध्ये ती उभी राहिली. त्यानंतरच्या हॉकीच्या सुवर्णपदकांच्या झगमगाटात अँटवर्प झाकलं गेलं. बेळगाव कोणाचं यावर आपण किती वर्षं भांडतो आहोत! चौगुले कोणाचे, यावर मात्र दोन्ही बाजूंनी कोणी भांडताना मी पाहिलं नाही.

मी भाच्याला हे सगळं लिहून पाठवलं. तो कॉम्प्युटरवाला माणूस, त्याने लगेच गणित केलं. चौगुल्यांचा वेग दर किलोमीटरला जेमतेम चार मिनिटं. आजच्या ४२.१९५ किलोमीटरला त्याच वेगाने २ तास ४८ मिनिटं आणि काही सेकंद लागले असते. "म्हणजे माझ्यापेक्षा अर्धा तास पुढे," त्याने लिहिलं, "आणि मला तर उतार होता."

मग थोड्या वेळाने दुसरा निरोप आला. डिसेंबरात सुट्टी आहे, घरी येतो आहे. महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंत पहाटे पळत उतरायचं त्याच्या मनात आहे, आणि नाना ज्या गावांत थैली नेत तिथवर मी त्याच्याबरोबर चालत यावं असं तो म्हणतो. आईला त्या गावांची नावं विचारून मी वहीत लिहून घेतली आहेत. चार तिला आठवली. पाचव्याचं नाव आठवत नाही, पण तिथे ओढ्याकाठी फणसाचं मोठं झाड होतं म्हणाली.